फातोर्ड्याला निळ्या जर्सीत जायचंय? आधी परतीचं बघ

प्रश्न असा आला आहे: "आम्ही चौघं कुडाळचे. मी, माझी धाकटी बहीण आणि दोन मित्र. मुंबई सिटीचे फुटबॉल सामने आजवर टीव्हीवरच पाहिले. आता गोव्याविरुद्धचा सामना मडगावच्या फातोर्डा स्टेडियमला जाऊन बघायचा आहे. तिकीट कुठल्या स्टँडचं काढावं, निळी जर्सी घालून मडगावात फिरलं तर चालेल का, आणि सामना संपल्यावर रात्रीच घरी येता येईल का?"

तिन्ही प्रश्न रास्त आहेत, फक्त क्रम उलटा लागलाय. घरी कसं यायचं ते आधी ठरव. तिकीट कुठलं, जर्सी कधी चढवायची, आत किती वाजता शिरायचं, हे सगळं त्याच्या मागून ठरतं.

मी सावंतवाडीचा. २०१४ साली ही लीग, म्हणजे इंडियन सुपर लीग, सुरू झाली तेव्हा नोकरीसाठी मुंबईत होतो, आणि मुंबई सिटीचे पहिले सामने नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानात पाहिले. पुढे गावी परतलो. संघ अंधेरीला खेळायला लागला होता, म्हणजे माझ्यापासून पाचशे किलोमीटरवर. फातोर्डा मात्र शंभरेक किलोमीटर. त्यामुळे माझ्या संघाचा घरचा सामना मला लांब पडतो आणि बाहेरचा जवळ. कोकणातल्या मुंबईच्या फॅनची ही गंमतच आहे. फातोर्ड्याच्या पाहुण्यांच्या कोपऱ्यात बसलेल्या निळ्या जर्सीवाल्यांत मालवण-वेंगुर्ल्याची पोरं हमखास भेटतात.

सामना बहुधा संध्याकाळी साडेसातचा असतो. पंचेचाळीस-पंचेचाळीस मिनिटांचे दोन डाव, मधली पंधरा मिनिटं आणि वाढीव वेळ धरला की साडेनऊ वाजतात. कोकणकन्या तोवर कधीच निघून गेलेली असते. रात्री मडगावहून उत्तरेकडे गाड्या जातात, नाही असं नाही, पण त्या केरळहून येणाऱ्या लांब पल्ल्याच्या. त्यातल्या बहुतेक सावंतवाडी-कुडाळला न थांबता धडधडत निघून जातात. थेट सिंधुदुर्गात येणारी बस त्या वेळेला मिळेल या भरवशावरही राहू नकोस. म्हणजे दोनच मार्ग उरले: मडगावात मुक्काम, नाहीतर कुडाळहूनच ठरवून नेलेली गाडी.

गाडी नेणार असाल तर ड्रायव्हर सामना बघणारा नको. हे मी अनुभवाने सांगतो. एकदा आमच्या गाडीचा ड्रायव्हर आमच्याहून मोठा फॅन निघाला. दोन तास उभा राहून ओरडला आणि परतताना पेडण्याच्या पुढे स्टिअरिंगवर डुलक्या घ्यायला लागला. तेव्हापासून आम्ही शेजारच्या एका अण्णांना नेतो. त्यांना फुटबॉलशी काही देणंघेणं नाही. पार्किंगमध्ये सीट मागे करून मस्त झोपतात आणि आम्ही काचेवर टकटक केली की विचारतात, "कोण जिकलो रे?" उत्तर ऐकायच्या आत गाडी सुरू केलेली असते.

मोटरसायकलने मात्र जाऊ नका. तुम्ही चौघं, दोन बाइक, की आलाच विचार मनात. मार्च २०२२ मध्ये फातोर्ड्यालाच हैदराबाद आणि केरळ ब्लास्टर्स यांचा अंतिम सामना होता. तो बघायला बाइकवरून निघालेले केरळचे दोन तरुण वाटेत कासारगोडजवळ अपघातात गेले. आपला महामार्ग आता रुंद झाला असला तरी रात्री अकरानंतर त्यावर बसलेली गुरं हेडलाइट पडेपर्यंत दिसत नाहीत. शिवाय हेल्मेट आत नेऊ देत नाहीत आणि बाहेर ठेवायला धड जागा नसते, ती कटकट वेगळीच.

परतीचं आधी ठरवलं नाही तर काय होतं, ते २४ एप्रिल २०२४ ला डोळ्यांनी पाहिलंय. उपांत्य फेरीचा पहिला सामना, बुधवार. सोळाव्या मिनिटाला बोरिस सिंगने गोल केला, दुसऱ्या डावात ब्रँडन फर्नांडिसने दुसरा. गोवा दोन, मुंबई शून्य. पंचाऐंशी मिनिटं झाली तरी फळा तोच. आमच्यात कणकवलीची दोन मुलं होती. त्यांना कुणीतरी पणजीपर्यंत लिफ्ट देणार होता आणि तो गर्दी फुटायच्या आत निघायचं म्हणत होता. "आता काय होणार हाये?" म्हणत दोघं उठली. जिन्याकडे वळेपर्यंत मी त्यांच्याकडे बघत होतो.

नव्वदाव्या मिनिटाला आमच्या छांगटेने एक मारला. मिनिटभरात विक्रम प्रताप सिंगने बरोबरी केली. आणि वाढीव वेळेच्या सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगटे. दोन-तीन. मी कुणाच्या गळ्यात पडलो होतो ते आजही माहीत नाही.

ती दोन पोरं तेव्हा पार्किंगमध्ये होती. स्टेडियमच्या बाहेर उभं राहिलं की गोल कुणाचा ते आवाजावरून कळतं. यजमानांचा झाला तर छप्पर हादरल्यासारखा गडगडाट होतो. पाहुण्यांचा झाला तर सगळं एकदम चिडीचूप होतं, आणि त्या शांततेत एका कोपऱ्यातून बारीकशी किंकाळी येते. ती किंकाळी त्यांनी सात मिनिटांत तीनदा ऐकली. पहिल्या वेळी वाटलं, चला, एक तरी फेडला. दुसऱ्या वेळी धावत परत गेटवर आली. एकदा बाहेर पडलेल्याला पुन्हा आत घेत नाहीत.

आणि फातोर्ड्याला हे काही पहिल्यांदा झालं नव्हतं. २०१५ च्या अंतिम सामन्यात गोवा इथेच सत्त्याऐंशीव्या मिनिटाला पुढे गेला आणि पुढच्या काही मिनिटांत चेन्नईयिनने तो सामना तीन-दोन असा फिरवला. २०२१ ला मुंबईने पहिलं विजेतेपद मिळवलं तेही याच मैदानात, बिपिन सिंगच्या नव्वदाव्या मिनिटाच्या गोलावर. त्या वेळी कोविडमुळे स्टँड पूर्ण रिकामे. माझा संघ घरापासून दोन तासांवर चषक उचलतोय आणि मी सावंतवाडीत टीव्हीपुढे पेज खातोय, हे शल्य अजून गेलेलं नाही.

बाद फेरीचा निर्णायक सामना असेल तर आणखी एक हिशोब कर. बरोबरी राहिली तर तीस मिनिटांचा जादा वेळ आणि मग पेनल्टी. २०२२ आणि २०२३ चे दोन्ही अंतिम सामने इथे पेनल्टीपर्यंत गेले. अशा दिवशी रात्रीच परतायचा विचारही करू नकोस, खोलीच घे.

आता तिकीट. अ‍ॅपवर नकाशा उघडला की सगळे स्टँड दिसतात आणि कुठलंही तिकीट काढता येतं. तिथेच लोक फसतात. पाहुण्यांसाठी राखलेला भाग कुठला हे सामन्यागणिक बदलू शकतं, म्हणून आधी विचारून घे. मुंबई सिटीच्या समर्थकांचा वेस्ट कोस्ट ब्रिगेड नावाचा गट आहे. बाहेरच्या सामन्याला ते एकत्र जातात आणि त्या दिवशी कुठे बसायचं ते त्यांना माहीत असतं. स्वस्त मिळालं म्हणून गोव्याच्या भर गर्दीतलं तिकीट काढू नका. तिथे निळी जर्सी दिसली की स्टँड सांभाळणारा स्टुअर्ड एकतर उठवून दुसरीकडे नेतो, नाहीतर जर्सीवर शर्ट चढवायला लावतो. आणि आपला गोल झाल्यावर गप्प बसायचं, ही शिक्षा तर मी शत्रूलाही देणार नाही.

वेगळं बसवण्यात कुणाचा अपमान नाही. १६ ऑगस्ट १९८० ला कोलकात्याच्या ईडन गार्डनवर ईस्ट बंगाल-मोहन बागान सामन्यात स्टँडमध्ये मारामारी पेटली, चेंगराचेंगरी झाली आणि १६ प्रेक्षक गेले. बंगालमध्ये तो दिवस अजून पाळतात. तिथे दोन्ही संघांचे लोक मिसळून बसले होते. त्यामुळे मधल्या रिकाम्या खुर्च्या आणि दोरी धरून उभे राहिलेले पोलीस दिसले की मला तरी राग येत नाही.

खालचा स्टँड की वरचा? खाली आवाज जास्त, खेळाडू जवळ. वरून खेळ कळतो. बहिणीला घेऊन पहिल्यांदाच जातोयस, तर निवड असेल तिथे वरचा घे.

या मैदानाबद्दल थोडंसं. आपल्याकडच्या जुन्या लोकांना फातोर्डा क्रिकेटचं म्हणून ठाऊक आहे. भारताचे एकदिवसीय सामने इथे व्हायचे आणि माझे वडील त्यातल्या एकाला एसटीने गेले होते. पण मैदान उभं राहिलं ते फुटबॉलसाठी. १९८९ चा नेहरू चषक इथेच झाला आणि २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषकही इथे खेळला गेला. साधारण एकोणीस हजार माणूस बसतो. आकडा कोलकात्यापुढे काही नाही, पण छपरामुळे आवाज आतच घुमतो. पहिल्यांदा जिन्यावरून वर येऊन ते हिरवंगार मैदान दिव्यांत बघशील ना, तेव्हा दोन मिनिटं फोन खिशातच राहू दे.

जर्सीचं आता. मडगावात दिवसा निळी जर्सी घालून फिरलास तर कुणी काही करत नाही. स्टेडियमबाहेर गाड्यावर रोस ऑम्लेट खाताना फार तर कुणी चिमटा काढेल. एकदा एका म्हाताऱ्या गोंयकाराने माझ्या जर्सीकडे बघून "मुंबयचे?" विचारलं, मी सावंतवाडी म्हणालो, तर म्हणे, "मग आमचेच तुमी, हें किदें घातलां?" मला उत्तर सुचलं नाही, पावही त्यानेच पुढे सरकवला. तरी सामन्याच्या आधीच्या तासात गेटजवळच्या गर्दीत जर्सीवर साधा शर्ट असू दे. आपल्या कोपऱ्यात पोचलं की काढायचा.

गोव्याच्या लोकांना मुंबईविरुद्ध इतर कुणाहून जास्त चेव का येतो, ते माहीत असलेलं बरं. २०१९-२० च्या मोसमात गोवा साखळीत पहिला आला. त्याच मोसमात प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना क्लबने दूर केलं. पुढच्या मोसमात लोबेरा मुंबईला आले आणि मागोमाग अहमद जाहू, ह्यूगो बूमू, मुर्तदा फाल आणि खुद्द गोव्याचाच मंदार राव देसाई. त्या वर्षी मुंबईने साखळी आणि चषक दोन्ही नेले, वर उपांत्य फेरीत गोव्यालाच पेनल्टीवर हरवलं. विचार कर, कुणी तुमची आंब्याची कलमं मुळासकट उचलून नेली आणि पुढच्या वैशाखात पेटी घेऊन तुमच्याच दारात विकायला आला, तर कसं वाटेल? आणि २०२४ ला ज्या ब्रँडनच्या गोलाने आमचे चेहरे पडले होते तोही पुढच्या मोसमात आमच्याकडेच आला. "पैशेवाले" ही शिवी आपल्याला त्यामुळे पडते. हसून घ्यायची.

शिवी आणखी एक पडते: "घाटी". आपण मालवणी माणसं, घाटाखालची, घाटावरच्यांना आपणच घाटी म्हणत मोठे झालो, आणि पत्रादेवीची हद्द ओलांडली की आपणच घाटी! एकदा आमच्यातला वेंगुर्ल्याचा एक जण यावर इतका तापला की कठड्याला टेकून गोव्याच्या पोरांना भूगोल शिकवायला लागला. त्याला धरून बसवावं लागलं.

उलट बाजूने आपणही एक पथ्य पाळायचं. भाषेवरून किंवा "गोवा महाराष्ट्रातच हवा होता" छापाची घोषणा चुकूनही द्यायची नाही. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला. तो दिवस तिथे अस्मिताय दिस म्हणून पाळतात. फुटबॉलवरून कितीही चिडवा, ते परत चिडवतील. या विषयावर मात्र पुढच्या रांगेतला शांत बसलेला माणूसही मागे वळून बघतो. त्यांच्या "फोर्सा गोवा"ला आणि "उजो"च्या गजराला उत्तर आपल्या संघाच्या नावाने द्यायचं, बस.

गेटवर दीड तास आधी पोच. फोनवरचा क्यूआर कधी थेट चालतो, कधी खिडकीवर जाऊन कागदी तिकीट घ्यावं लागतं. तिकिटाचा स्क्रीनशॉट घरूनच काढून ठेव, कारण हजारो माणसं जमली की नेट मान टाकतं. पाण्याची बाटली, नाणी, लायटर, पॉवर बँक, छत्री, डिओचा डबा, यातलं काहीही अडवतात. नाण्यांचं हसू नकोस, खरंच काढून घेतात, कारण ती मैदानात फेकली जातात. एकदा गेटवर हवालदाराने टेबलावर नाण्यांचा एवढा ढीग केला होता की देवळाची दानपेटी उघडल्यासारखं वाटावं. आमच्यातल्या एकाने आपले सदतीस रुपये त्यात जाताना पाहून रांगेतून बाहेर येऊन चहा-पाव खाल्ला, दहा रुपये वर घातले, आणि पुन्हा रांगेच्या शेपटाला जाऊन उभा राहिला. झेंडा नेणार असाल तर फक्त कापड, काठी नाही. ढोल किंवा मोठा बॅनर न्यायचा तर आधी परवानगी लागते, तेही गटामार्फतच होतं. दम्याचा पंप वगैरे असेल तर डॉक्टरची चिठ्ठी सोबत असू दे. बायकांची तपासणी वेगळ्या रांगेत होते. बहीण तिकडून एकटीच आत जाईल, तेव्हा आत कुठल्या जिन्यापाशी थांबायचं ते बाहेरच ठरवा. दारू पिऊन गेलात तर गेटवरूनच परत पाठवतील, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

आत गेल्यावर फारसं सांगण्यासारखं नाही. पाणी पेल्यात मिळतं. घाम इतका येतो की ते सतत घेत राहावं लागतं. स्वच्छतागृहाला मध्यंतराच्या पाच मिनिटं आधी जाऊन ये. लोक उभे राहून गातात, मागचा ओरडतो "बसा रे!", कुणी बसत नाही.

सामना संपला की पाहुण्यांना पोलीस बहुधा थोडा वेळ बसवून ठेवतात, आधी यजमानांची गर्दी ओसरू देतात. या वेळेचा हिशोब ड्रायव्हरला आधीच सांगून ठेव. जिंकलो असू तर ही थांबण्याची वेळ फार गोड असते. हरलो असू तर... अंधेरीपासून आलेल्यांकडे बघायचं, त्यांना आपल्याहून पाचशे किलोमीटर जास्त जायचं असतं.

मोठं स्टेडियम म्हणजे काय, ते मला खरं कळलं ४ मे २०२४ ला कोलकात्यात. सॉल्ट लेकवर अंतिम सामना, मोहन बागानविरुद्ध, साठ हजारांवर लोक आणि त्यात आमचा मूठभर निळा ठिपका. मध्यंतराच्या तोंडावर त्यांचा गोल झाला तेव्हा पायाखालचं काँक्रीट थरथरलेलं तळव्यांना जाणवलं. मुंबईने तीन-एक असा सामना जिंकला आणि मग आम्हाला तिथेच बराच वेळ बसवून ठेवलं. समोर साठ हजार माणसं न बोलता जिने उतरत होती. तेव्हा जर्सी पिशवीत घालून, साधा शर्ट चढवून, एकत्र बाहेर पडलो. फातोर्ड्याला इतकी काळजी लागत नाही. पण पहिल्यांदा जाताय, तर बाहेर पडताना चौघं एकत्रच राहा आणि गाण्याची हौस गाडीत बसल्यावर भागवा.

मुक्काम करणार असाल तर दोन ठिकाणं सोयीची. कदंबचं बसस्थानक स्टेडियमच्या दिशेला आहे, चालत वीस-पंचवीस मिनिटांवर. रेल्वे स्टेशन गावाच्या दुसऱ्या टोकाला. बसस्थानकाकडे खोली घेतलीत तर रात्री वाहन शोधावं लागणार नाही. ओला-उबर गोव्यात चालत नाहीत, आणि पिवळ्या मडगार्डचे मोटरसायकल पायलट रात्री दहाला सापडले तरी एका वेळी एकालाच नेणार. खोली सामन्याची तारीख कळली की लगेच घे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सामना असला तर भाव ऐकून इथूनच परत फिरावंसं वाटेल.

रात्रीच गाडीने परतणार असाल तर हद्द ओलांडल्यावर इन्सुलीच्या नाक्यावर गाडी तपासतात. मित्रांपैकी कुणी "गोव्यात स्वस्त आहे" म्हणून बाटली उचलली असेल तर तिथे मध्यरात्री सगळ्यांना खाली उतरून उभं राहावं लागेल, बहिणीलाही. निघण्याआधी डिकी तूच एकदा उघडून बघ.

मुक्काम केलात तर सकाळी मडगावहून मांडवी एक्सप्रेस आहे, ती सावंतवाडी-कुडाळ दोन्हीकडे थांबते. पावसाळी वेळापत्रक लागू असलं तर वेळा बदलतात, ते आदल्या दिवशी बघून घ्या. दुपारच्या जेवणाला घरी पोचाल. सावंतवाडी स्टेशनावर गाडी थांबली की मला खिडकीतून स्कोअर सांगा.